लपूनछपून डाउनलोड करायला घेतलेलं फुकटचं लिनक्स

मंडळी, आज आमच्या मुरबाडच्या घरी एक गंमत झाली.

उद्या माझा कॉम्प्युटर क्लास सुरू होतोय आणि जुन्या मशिनींवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची होती. याच ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, टॉरेंट करताना, म्हणजे मोठी फाइल इतरांकडून तुकड्यातुकड्यांनी उतरवून घेताना, ओळख लपवणारं नेटवर्क वापरा. सकाळी तसंच केलं, तर स्पीड इतका कमी की आठवडा लागेल असं दिसायला लागलं. मी रडकुंडीला आले.

शेजारी सासूबाई वाल सोलत होत्या. "एवढा येळ का लागतो गो?"

"आई, फाइल अनोळखी लोकांच्या कॉम्प्युटरांतून फिरत फिरत येते. म्हणजे कोणी घेतली ते कळत नाही."

"चोरीची हाय का?"

"नाही हो. बनवणाऱ्यांनीच सगळ्यांना फुकट वाटलीय."

"मंग तू लपतेस कशाला?"

मी लगेच ते नेटवर्क बंद केलं, साधं टॉरेंट लावलं आणि दुपारच्या चहाआधी फाइल आली.

संध्याकाळी पहिलं मशीन सुरू झालं. सासूबाईंनी एका बोटाने त्यावर स्वतःचं नाव टाइप केलं आणि म्हणाल्या, "जरा मोठं कर गो, लांबून दिसलं पायजे."

खरं सांगा, तुमच्यापैकी कोण कोण असं उगाच लपून बसलंय?