नागपूर भारी की रायपूर?

मंडळी, आज दुपारी तिरोड्याला आमच्या घरी दोन्ही जावई जेवायला होते. मोठ्या बहिणीचे यजमान नागपूरला राहतात, लहानीचे रायपूरला.

ताट वाढेपर्यंतच जुंपली.

"आमच्याकडे मेट्रो आहे," मोठे म्हणाले.

"आमचे रस्ते पाहा जी एकदा!" लहाने उसळले.

निघताना मात्र दोघांनीही आपापल्या गाडीची डिक्की उघडली. आमच्या शेतातला नवा तांदूळ न्यायचा होता.

बाबांनी लहान्या जावयांना विचारलं, "तुमच्या छत्तीसगडले तं धानाचा कटोरा म्हणते ना? मंग आमचा तांदूळ कायले नेऊन राहिले?"

ते हळूच म्हणाले, "तिथला भात खाऊन जेवल्यासारखं वाटत नाही, बाबा."

"नागपुरातही नाही," मोठे म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच दोघांचं पटलं.

शहरवाल्यांनो, खरं सांगा, तुमच्या डिक्कीत गावाकडचं काय असतं?