एकाच माहेरचं रक्त

"तुम्ही दोघंही थॅलेसेमिया मायनर आहात," जालन्याच्या डॉक्टरीणबाई रिपोर्ट पाहत म्हणाल्या. मला तिसरा महिना चालू होता. आजार काय ते कळलं नाही, पण 'दोघंही' ऐकून मी नवऱ्याकडे पाहिलं.

मायनर म्हणजे आजारी नव्हे. लहानपणापासून रक्त कमी म्हणून माझ्यावर लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे आणि बीट यांचा मारा झाला, हिमोग्लोबिन काही जागचं हललं नाही. ते का, हे आता कळलं.

शरीरात काय कसं बनवायचं ते जीन सांगतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांची जोडी असते. एक आईकडून, एक वडिलांकडून. हिमोग्लोबिनच्या जोडीतला आमचा एकेक जीन सदोष, दुसरा चांगला, म्हणून आमचं निभावलं. बाळाला दोघांचेही सदोष जीन मिळाले तर थॅलेसेमिया मेजर, आणि मग जन्मभर रक्त चढवत राहायचं. शक्यता चारात एक.

जाफराबादला घरी आलो. सासूबाईंनी ऐकलं आणि निकाल देऊन टाकला, "आमच्यात असलं काही न्हाई. पोरीच्या माहेराकडूनच आलं असंल."

"आई, तिचं माहेर म्हंजी तुझंच माहेर की," हे म्हणाले.

कारण माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्याकडे मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क. मी पाळण्यात असतानाच आत्यानं मला मागून ठेवलं होतं.

"मंग माझ्यातूनच आलं का रे तुझ्यात?" आत्यानं हळूच विचारलं. मला तिचा चांगलाच राग आला होता, तो तिथंच ओसरला.

पुढची तपासणी संभाजीनगरला झाली. कोरिऑनिक व्हिलस सॅम्पलिंग, म्हणजे वारेचा बारीकसा अंश सुईनं काढून त्यातून बाळाचे जीन पाहायचे. आत्या हट्टानं सोबत आली. रिपोर्ट येईपर्यंत मी पोटावर हातसुद्धा ठेवला नाही. जीव लावायची भीती वाटायची.

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "बाळ मायनर आहे, तुमच्यासारखंच. काळजी नको." मी त्या मेथीसमोर बसून पोटभर रडले. मग पोटावर हात ठेवून म्हटलं, "ऐकलंस का गं?"

गोळ्या खाऊनही तुमचं रक्त वाढत नसेल, तर हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या. त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार कळतात. जमलं तर लग्नाआधीच करा, नात्यात ठरत असेल तर नक्कीच. यात लाज कसली? दोष कुणाचाच नसतो.

मुलगीच झाली. बारशाला नणंद पाळण्यात डोकावून म्हणाली, "आई, ही माझ्या ओंकारची बरं का. हक्कच आहे आमचा."

आत्यानं पाळण्याची दोरी सोडली नाही. "हक्क-बिक्क बिलकुल न्हाई. आधी तुझं अन् ओंकारचं रक्त तपासून आण जल्दी."

सगळ्या बायका हसल्या. आत्या हसली नाही. आमच्या घरात तो हक्क नाकारलेला मी पहिल्यांदाच पाहिला.