पाठीमागचा माल

आमच्या बाजारपेठेत दिवसा डिझेलच्या टेम्पोंना बंदी झाली आणि माल बॅटरीच्या गाड्यांतून येऊ लागला. धूर गेला, गोंगाटही गेला. परवा दुपारी तिथून चालताना दुकानाच्या काचेत मला माझ्या अगदी पाठीशी खोक्यांची उंच रास दिसली. मी गर्रकन वळलो.

"मघापासून मागेच आहे, काका," गाडीवाला हळूच म्हणाला. "हॉर्न दिला की माणसं दचकून चाकाखालीच येतात."

मी बाजूला झालो. शहराला सगळं हवं असतं, फक्त ते येताना ऐकू यायला नको असतं. गाडी आवाज न करता पुढे सरकली आणि एका बाईच्या मागे जाऊन रेंगाळली. ती पिशवी सावरत निवांत चालली होती. मी हाक मारणार होतो, पण तीही दचकली असती.