दर गोलमागे एक

रूपाली गायधनीचं माहेर निफाडचं, द्राक्षबागेचं. लग्न होऊन ती नाशिक रोडला आली आणि गेली चार वर्षं आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. बोलणं कमी, काम चोख. नवरा ज्ञानेश याचं नाशिकच्याच द्वारका चौकात टेम्पो भाड्याने देण्याचं ऑफिस आहे. शाळेत तो गोलकीपर होता. जिल्ह्याच्या संघातून शेवटच्या दिवशी आपलं नाव वगळलं गेलं, हे तो नव्या ओळखीच्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत सांगतो. त्यांची मुलगी वैष्णवी सात वर्षांची. तीही गोलमध्ये उभी राहते, आणि ते तिला मनापासून आवडतं.

समोरच्या मैदानावर दर रविवारी सकाळी सातला मुस्तकीम सर लहान मुलांचा फुटबॉलचा वर्ग घेतात. सगळी मुलं आठ वर्षांच्या आतली. चेंडूमागे घोळक्याने धावतात, एखाद्याची नाडी सुटली की खेळ थांबतो. सरांनी कडेला दोरी बांधली आहे. आईवडिलांनी तिच्या बाहेर उभं राहायचं. फिरून आल्यावर मी तिथल्या बाकावर बसते, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे.

१२ जानेवारीच्या रविवारी दोरीबाहेरच्या दोन वडिलांची एका कॉर्नर किकवरून जुंपली. एकाने दुसऱ्याचं डोकं स्कूटरच्या आरशावर आपटलं. आरसा फुटला, कपाळ फाटलं, आणि ज्याच्यासाठी भांडण झालं तो मुलगा मैदानात बसून मुंग्या बघत होता. पुढच्या रविवारी सर लवंगांची डबी घेऊन आले. प्रत्येकाच्या हातावर एकेक लवंग ठेवत म्हणाले, "ही तोंडात धरायची. मॅच संपेपर्यंत बोलायचं नाही."

"सर, माझी दाढ दुखत नाही," ज्ञानेश म्हणाला.

"ओरडत राहिलात तर कोणीतरी दुखवेल," शेजारची रेहाना म्हणाली. तिची अदिबा वैष्णवीच्याच संघात खेळते. सगळे हसले, ज्ञानेशही हसला.

त्यानंतर तो खरोखरच ओरडला नाही. फक्त वैष्णवीवर गोल झाला की एक बोट मिटायचा.

मी तळमजल्यावर राहते आणि जिना माझ्या दाराला लागूनच आहे. मॅचनंतर ती तिघं वर जाताना पहिल्या वळणावर थांबत.

"किती?" ज्ञानेश विचारी.

"तीन, बाबा."

मग तीन आवाज येत. घाई नाही, शिवी नाही. पोर रडत नसे. मग, "चला वर." मागे रूपाली, हातात बुटांची पिशवी; दाराच्या भिंगातून मला एवढं दिसे.

असे आठ रविवार माझ्या डायरीत आहेत, तारीखवार, आकड्यांसकट. दार मी एकदाही उघडलं नाही.

एकदा बाकावर माझ्याजवळ बसून रूपाली म्हणाली, "काकू, मी मध्ये पडले तर मला वेगळे फटके बसतात आणि तिला दुप्पट. करून पाहिलंय."

"मग खेळ बंद कर तिचा."

"तेही म्हणून पाहिलं. रात्रभर रडली. तिला खेळायचंय हो. तिला फक्त मार नको." बुटांची पिशवी उचलत म्हणाली, "तेवढं मला जमलं पाहिजे. दुसरं काही नाही जमलं तरी चालेल."

१६ मार्चला सातपूरकडचा एक संघ खेळायला आला. आमची मुलं चार-शून्य हरली. सरांचा एक नेम आहे. जिंको वा हरो, मॅच झाली की आईवडिलांनी दोन रांगांत समोरासमोर उभं राहून हात वर जोडायचे, बोगदा करायचा, आणि मुलांनी आगगाडीसारखा आवाज करत त्याखालून पळायचं. त्या दिवशीही मुलं एकामागून एक पळाली. शेवटी वैष्णवी आली. तिने समोर पाहिलं, वीस-पंचवीस हात वर उचललेले. ती बोगद्याच्या तोंडाशी मटकन खाली बसली आणि ग्लोव्हज घातलेले दोन्ही हात डोक्यावर घेतले.

"चार, बाबा," ती म्हणाली. "चारच झाले. मी मोजलेत."

पहिल्यांदा रेहानाने हात खाली घेतले, मग बाकीच्यांनी.

"ऊठ. नाटकं करू नकोस," म्हणत ज्ञानेश पुढे आला. वेणीला धरून त्याने तिला उभं केलं आणि तोंडावर मारलं. नाकातून रक्त तिच्या पिवळ्या जर्सीवर आलं. त्याने पुन्हा हात उगारला.

मैदानाच्या कोपऱ्यांवर झेंड्यांसाठी बांबूच्या काठ्या रोवलेल्या असतात. रूपालीने सगळ्यांत जवळची उपटली. पहिला फटका त्या उगारलेल्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला बाकावर ऐकू आला. दुसरा खांद्यावर. तिसरा गुडघ्यावर, तेव्हा तो पडला.

"किती झाले?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्याच्या छातीवर काठीचं टोक टेकवून ती उभी होती. "सांग ना. किती?"

"तीन," तो म्हणाला.

"गोल चार होते."

तिने काठी डोक्यावर नेली. मुस्तकीम सरांनी मागून धरली म्हणून चौथा बसला नाही.

मग रूपाली वैष्णवीकडे वळली, आणि वैष्णवी किंचाळून मागे पळाली. गोलमध्ये शिरून तिने जाळीत बोटं अडकवली. रूपाली गोलच्या रेषेपर्यंत गेली आणि तिथेच गवतावर बसली. ज्ञानेशला दोघांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सरांनी कोणालाही गोलजवळ जाऊ दिलं नाही. नऊ वाजून पंचवीस मिनिटांपासून दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत मायलेकी तशाच होत्या.

"तू पण मोजतेस?" शेवटी वैष्णवीने विचारलं.

"नाही गं."

"आत्ता मोजलेस."

रूपाली म्हणाली, "हो. मोजले."

वैष्णवी बाहेर आली ती रेहानाचं बोट धरून. घरी जाताना ती अदिबाबरोबर पुढे चालली, आणि रूपाली वीस पावलं मागे.

ज्ञानेशने तक्रार केली. पोलीस ठाण्यात रूपालीने सरळ सांगितलं, "तीन मारले. चौथा सरांनी अडवला." तिने ज्ञानेशविरुद्ध केलेल्या तक्रारीसाठी मी त्या आठ तारखा लिहून दिल्या, आणि मी दार उघडलं नाही हेही लिहिलं. दोन्ही प्रकरणं चालू आहेत. ज्ञानेश भावाकडे राहतो. वर्गातल्या काही पालकांनी मुलांदेखत मारहाण केली म्हणून रूपालीला मैदानात बंदी घाला असा आग्रह धरला. त्यात आरसा फोडणारे गृहस्थही होते.

बंदीची गरज पडली नाही. वैष्णवीनेच सांगितलं, आई तू दोरीपाशी उभी राहायचं नाहीस. अडीच महिने रूपाली तिला फाटकाशी सोडून परत फिरत असे. घरात ती मुलीजवळून जाताना आधी हाक मारते, मग जवळ जाते. भाजीची पळीसुद्धा उचलण्याआधी मागे वळून बघते.

गेल्या रविवारी फाटकातून आत शिरताना वैष्णवी म्हणाली, "आज ये. पण लांब उभी राहा."

रूपाली आत आली. दोरीच्या अगदी शेवटच्या टोकाला, कोणाच्याच जवळ नाही अशी, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून मॅचभर उभी राहिली.