ओढ्यावरचं आसरांचं देऊळ

आमच्या तालुक्याच्या गावाचं नाव मी सांगत नाही. छापून आलं तर गाव त्याचाही सत्कार ठेवेल. शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आमच्या लोकांनी टीव्हीवर पाहिलं, हळहळ केली आणि सवड मिळताच स्वतःचा ओढा बुजवायला घेतला.

ओढा माझ्या घरामागून जायचा. पावसाळ्यात वाहायचा, दिवाळीनंतर रोडावायचा, वैशाखात नुसती वाळू. पण वाळूखाली ओल असायची आणि तिच्यावर माझ्या परसातली विहीर उन्हाळा काढायची. नळ आला नाही की मागच्या घरांतल्या बायाही तिथंच घागरी भरायच्या. मी जन्मभर भूगोल शिकवला म्हणून मला हे कळतं असं नाही. म्हशींनाही कळायचं; उन्हाळ्यात त्या तिथंच जाऊन बसत.

पालिकेच्या नव्या विकास आराखड्यात ओढ्याच्या दोन्ही काठांना हिरवा पट्टा राखला होता, म्हणजे तिथं बांधकाम करायचं नाही. कुणाकडून तरी चुकून शहाणपणा झाला असावा. आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला तो पट्टा खुपला, कारण मागच्या जमिनीचे प्लॉट पाडून त्याला विकायचे होते. हा माझाच विद्यार्थी. शाळेत नकाशा काढताना नद्या डोंगरावर चढवायचा.

पट्टा उठवू नये म्हणून मी हरकत घेतली. गल्लीतल्या बायांनीही सह्या केल्या. पाहणीला पालिकेचे साहेब आले ते ऐन वैशाखात. वाळूत उभं राहून त्यांनी विचारलं, "ओढा कुठं आहे?"

"तुम्ही उभे आहात तो."

"पाणी तर दिसत नाही."

"आषाढात या."

"पावसाळ्यात इकडं गाडी येत नाही हो, मॅडम," ते म्हणाले आणि गाडीत बसले. असल्या माणसाशी वाद घालण्यात मी सकाळ घालवली, याचा मला अजून राग येतो.

काठावर उंबराखाली साती आसरांचे शेंदूर फासलेले दगड होते. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. बाळंतिणी तिथं ओटी भरायला जात. माझ्या विद्यार्थ्याला एकाएकी त्यांचा कळवळा आला.

"बाई, आसरा उन्हातान्हात बसून हायेत. त्यायला देऊळ बांधायलोय. देवाच्या कामात हरकत घेता व्हय?"

झालं. सह्या करणाऱ्या बाया दोन दिवसांत भूमिपूजनाच्या मांडवात पोळ्या लाटत होत्या. पट्टा देवळाला गेला, देवळामागं प्लॉट पडले. ओढा सिमेंटच्या पाइपात घातला आणि वर गुळगुळीत फरशी. उंबरही तोडला, कारण फरशीवर पानं पडत. पाण्याच्या देवींना कोरड्यात बसवून वर त्यांच्या अभिषेकासाठी बोअर पाडणारं दुसरं गाव मला दाखवा.

पुढच्या पावसाळ्यात पाणी पाइपातून भुर्रकन निघून गेलं. होळीला माझ्या विहिरीनं तळ दाखवला. मागच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन आल्या, वाकून पाहिलं आणि माझ्याशी नजर न मिळवता परत गेल्या.

चैत्रात माझा नगरसेवक विद्यार्थी स्वतः आला, पितळी घागर घेऊन.

"बाई, देवळाचा बोअर आटला. टँकरचं पाणी आसरांना चालत न्हाई म्हनतो पुजारी. तुमच्या हिरीतनं एवढी घागर भरू द्या."

मी त्याला काठावर नेलं आणि पोहरा हातात दिला. त्यानं सोडला. दोर संपला तेव्हा खाली दगडावर टण्ण वाजलं.

"आटली की ओ," तो म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलं होतं. नद्या डोंगरावर चढवायचा तेव्हाही त्याचं तोंड असंच निरागस असे. "आसरांचा कोप हाय, बाई. तुमी काळजी करू नका, मी बगतो."

दुसऱ्या दिवशी दारात टँकर आला. टाकीवर त्याचा हात जोडलेला मोठा फोटो होता. मागच्या बाया आधीच रांगेला लागल्या होत्या. घरात प्यायला थेंब नव्हता. मी घागर घेतली आणि त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले.