लेख हिचाच आहे

सेलूच्या आमच्या कॉलेजातल्या वाङ्मय मंडळाचे किस्से आठवायला लागले की एकामागे एक येतच राहतात. मैत्रिणी हसतात. मला मात्र अजून संतापच येतो.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. माझं आडनाव ऐकलं की समोरचा क्षणभर थांबायचा. तशात मी भित्तिपत्रकासाठी विषय दिला: अमेरिकेतली जुन्या काळातली काळी कवयित्री. लहानपणीच आफ्रिकेतून पळवून आणलेली, बाजारात विकलेली. ज्या जहाजातून आणली त्याचंच नाव तिला ठेवलं!

मंडळाचे प्रमुख सर म्हणाले, "गुलामाला कविता कुठून सुचणार? दुसरा विषय घे." मी हट्ट धरला. शेवटी म्हणाले, आधी लिहून आण, मग लावायचं का ते बघू.

*

सुटीत गावी, पालमला, आईला सगळं सांगितलं. ज्वारी निवडता निवडता तिचे हात थांबले. "आन् त्या पळवलेल्या पोरीच्या मायला कुणी काय सांगितलं?"

कॉलेजात हा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

*

संस्थेचे अध्यक्ष कापसाचे व्यापारी. भित्तिपत्रकाचं उद्घाटन दरवर्षी त्यांच्याच हातून. विषय कळल्यावर त्यांनी चौकशी केली, पाहुणीला घ्यायला स्टेशनवर कोण जायलंय? बाई दोनशे वर्षांपूर्वीच वारल्या म्हटल्यावर माझ्यावरच चिडले. "मग हार कुणाला घालायचा?"

*

चित्राचं काम वर्गातल्या सुधाकरकडे. त्यानं बाई गोरीपान रंगवली, कपाळावर टिकलीसकट! मी भांडायला गेले तर शांतपणे म्हणतो, "काळी केली तर उठून दिसत न्हाई. बोर्डच काळा हाय."

*

लेख दिला आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बोलावणं. टेबलापलीकडे सगळे सर ओळीनं बसलेले. पंखा खडखडला तरी मी दचकत होते. कुणी लिहून दिला? कुठून उतरवलास? हा शब्द तुला कसा माहीत? एकेकाला उत्तरं देत राहिले.

शेवटी प्रमुख सर म्हणाले, "लेख हिचाच दिसतोय. पण लोकांना पटायचं नाही." मग त्यांनी लाल शाईनं लेखाच्या डोक्यावर लिहिलं: 'हा लेख या विद्यार्थिनीने स्वतः लिहिला आहे, याची आम्ही खात्री करून घेतली आहे.' खाली सगळ्यांनी सह्या केल्या.

लेख तसाच लागला. सह्यांच्या बरोब्बर खाली माझं पहिलं वाक्य: 'कविता हिच्याच आहेत, असं शहरातल्या मोठमोठ्या पुरुषांनी सह्या करून दिलं, तेव्हा कुठे तिचं पुस्तक निघालं.'

उद्घाटनाला सरांनी वरची लाल शाईतली खात्री आणि खालचं माझं वाक्य, दोन्ही एका दमात वाचून दाखवलं. आणि टाळ्याही आधी त्यांनीच वाजवल्या.