गिटारच्या आडून विज्या

तमाम नाशिककरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की माळ्यावरचा आमचा टेपरेकॉर्डर आज पुन्हा सुरू झाला आहे! तापलेल्या प्लास्टिकचा वास आला आणि मी मनाने थेट शाळकरी दिवसांतल्या देवळाली कॅम्पात, माझा मित्र विज्या याच्या खोलीत पोचलो.

शेजारच्या मेजरसाहेबांच्या मुलाकडून रॉकची कॅसेट एका दुपारपुरती मिळाली होती. एका टेपवर ती वाजत होती, दुसरा समोर ठेवून आम्ही भरून घेत होतो. नुकतेच मॅच हरून आलेलो, घामाघूम, तरी श्वास रोखून बसलेलो. ऐन गिटारच्या भरात विज्या म्हणाला, "बाळ्या, खरं सांग, रनआउट होतास ना?" मी चिडून ओठांवर बोट ठेवलं. पण प्रश्न गाण्यासकट भरला गेला होता. गाण्याची पार वाट लागली.

विज्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आज तेव्हा भरलेली तीच कॅसेट लावली, तर गिटारच त्याच्या आवाजाच्या मध्ये येऊ लागली. "रनआउट होतास ना?" सोळा वर्षांचा, खट्याळ आवाज. पुढे माझ्या उत्तराची जागा तशीच रिकामी.

एकट्यानेच मी ओरडलो, "नव्हतो रे, विज्या! बॅट टेकली होती!"